कोणी उत्तर द्यायचं नाही

‘तुमची स्नेहल पंचविशी-तिशीतलीच असेल ना, आग्नेसबाई?’ फादर इग्नेशियस मिस्साची उपासना आटोपून वेदीमागच्या खोलीत झगा उतरवता उतरवता म्हणाले. मी वेदीवरच्या कापडाची घडी घालत होते, ती अर्धीच राहिली. प्रश्न काही वावगा नव्हता. पण माझ्या लेकीने, स्नेहलने, माझ्याशी बोलणं टाकलं त्याला तीन वर्षं होत आली होती आणि तेव्हापासून आमच्या चर्चमधल्या एकाही माणसाने माझ्यासमोर तिचं नाव काढलं नव्हतं. लोणावळ्याचं आमचं चर्च ते केवढं, कोणाच्या घरी काय शिजलं ते मिस्सा संपायच्या आत सगळ्यांना कळतं, पण मी दिसले की हे एक नाव मात्र सगळे गिळायचे. आणि हा श्रीरामपूरकडचा पोरगा फादर, नुकता कुठे आलेला, सरळ बोलून मोकळा झाला. फादर खुर्ची ओढून बसले आणि एका नव्या मंडळाचं सांगायला लागले. पोरं शाळेच्या वयात दृढीकरणाच्या विधीपर्यंत येतात, म्हणाले, बिशपांसमोर डोकं वाकवतात, फोटो काढतात, आणि जातात ती एकदम लग्नाचा दाखला मागायला उगवतात. मधली वर्षं कुठे असतात याचा आपल्याला पत्ता नाही. ‘आहे की आपलं युवक मंडळ,’ मी म्हणाले. ‘ते शाळाकॉलेजातल्यांचं. मी म्हणतोय ते पंचविशी-तिशीतले. नोकरी लागलेले, सुटलेले, लग्न झालेले, मोडलेले, न जमणारे. त्यांच्यासाठी आपल्याकडे आहे काय? खुर्च्या उचलायला बोलावतो आणि लग्न कधी म्हणून विचारतो.’ हे मात्र खरं होतं. मीच विचारते.

मंडळ चालवायला मी हो म्हटलं. देवाचं काम म्हणून घेतलं असं मी चारचौघांत सांगत सुटले, पण देवाला काय फसवायचं, मला माझी पोरगी परत हवी होती. मंडळ निघालं तर तिच्या कानावर जाईल, आज ना उद्या कोणीतरी तिला घेऊन येईल, आणि एकदा का ती चर्चच्या पायऱ्या चढली की बाकीचं मी बघेन, असा माझा सरळ हिशोब होता. माणसांशी बोलायची मला सवय. सगळं आयुष्य हॉस्पिटलात नर्स म्हणून काढलं, रडणाऱ्याला गप्प करायचं आणि गप्प बसलेल्याला रडवायचं, दोन्ही मला जमतं. शिवाय माझ्याकडे उत्तरं तयार होती. तीन वर्षांत मी दुसरं केलं काय? भांडी घासताना, जपमाळ ओढताना, बाजारात मेथी निवडताना मी स्नेहलला उत्तरंच देत होते. ती समोर नसायची एवढंच.

पहिली सभा फादरांनी रविवारी मिस्सानंतर ठेवली, मागच्या हॉलमध्ये. समोसे सांगितले, फलक लावला, वेदीवरून दोनदा घोषणा केली. आणि आलं कोण, तर समोशांच्या वासाने आमचे नेहमीचे म्हातारे, आणि एक चैताली. चैताली साळवे, खंडाळ्याच्या बाजूला एका रिसॉर्टमध्ये काम करते, तीही गणवेशावर, दारातच उभी. ‘मावशी, मी निघाले, सांगायला आले फक्त,’ ती म्हणाली. ‘रविवारी कोण येणार? शुक्रवार संध्याकाळपासून आम्हाला मान वर करायला वेळ नसतो.’ मी कपाळावर हात मारला. आख्खा जन्म या गावात गेला माझा. पावसाळ्यात शनिवार-रविवारी इथे गाड्यांची रांग लागते आणि गावातलं प्रत्येक हातीपायी धड पोर कुठे ना कुठे कोणाच्या तरी खोल्या आवरत असतं, वाढत असतं, गाड्या लावून देत असतं. रविवारी लोणावळ्यात तरुण माणूस मोकळा असतो असं फक्त पर्यटकांना वाटतं आणि आम्हा चर्चवाल्यांना. प्रभूचा दिवस म्हणे. ती पोरं रविवारी मिस्साला येत नाहीत म्हणून आम्ही वर्षानुवर्षं नाकं मुरडली, आणि कधी कोणाच्या डोक्यात आलं नाही की त्यांचा रविवार मंगळवारी असतो. मग सभा मंगळवारी दुपारी ठेवली.

मंगळवारी आठ-नऊ जण आले. हॉलला भिंतीतून ओल आलेली, कुबट वास, बाहेर धुकं इतकं की समोरचा क्रूस दिसत नव्हता. पोरं रेनकोट काढून बसली आणि मी बोलायला उभी राहिले. काय बोलले नाही ते विचारा. तारुण्य, मोबाईल, प्रार्थना, आईबाप, आमच्या वेळची परिस्थिती. उचलली जीभ लावली टाळ्याला. पोरं ऐकत होती म्हणजे बसली होती. एकीने सांगितलं की तिला रात्री झोप लागत नाही, नोकरी जाईल म्हणून धडधडतं, तर मी तिला तिथल्या तिथे स्तोत्र सांगितलं आणि गरम दूध सांगितलं. एकजण म्हणाला, बापाची दारू सुटत नाही, त्याला मी व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता दिला. प्रत्येकाला काहीतरी दिलं. परत कोणी तोंड उघडलं नाही. शेवटी सार्थक म्हणून मुलगा, टाकव्याला कंपनीत आहे, दाढी वाढवलेला, तो उठला. ‘मावशी, राग नका मानू. तुम्ही उत्तर देता ना, तिथे सगळं संपतं.’ ‘मग काय करू? तोंडाला कुलूप लावू?’ ‘तसंच काहीतरी,’ तो म्हणाला आणि सगळे हसले, मीसुद्धा हसले, पण नाकाला मिरच्या झोंबल्याच. त्याचं म्हणणं असं की ज्याला बोलायचंय त्याने बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं. कोणी उत्तर द्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, प्रार्थनासुद्धा लगेच करायची नाही. एकाचं झालं की थोडा वेळ गप्प बसायचं आणि मग दुसऱ्याने. या हॉलचा तेवढा एक नियम. फादर म्हणाले, करून बघू. फादरांना काय, ते तसेही कमी बोलतात.

मला ते किती जड गेलं हे मला विचारा. समोर माणूस बोलतंय, त्याचं दुखणं मला दिसतंय, औषध माझ्या जिभेवर आहे आणि मी हात मांडीवर ठेवून बसायचं. पहिल्या दोन मंगळवारी माझे कान त्यांच्याकडे नव्हतेच. मी गप्प बसले की मला हॉस्पिटलची ती खोली दिसते, म्हणून तर मी गप्प बसत नाही. तळेगावची खोली, कोपऱ्यात बेसिन, खिडकीला हिरवा पडदा. स्नेहलने संदेशशी लग्न केलं तेव्हा मी चार दिवस जेवले नाही, पण मग जेवले. तो टाकवे बुद्रुकचा, शेतकऱ्याचा मुलगा, सार्थकच्याच कंपनीत. माणूस म्हणून नाव ठेवायला जागा नाही. आमच्यात दुसऱ्या धर्मातल्याशीही बिशपांची परवानगी काढून चर्चमध्ये लग्न लागतं, ते त्यांनी केलं नाही, कोर्टात सह्या केल्या. तेही मी पचवलं. आई-लेकीचं बोलणं कधी थांबलं नाही, उलट दिवस राहिल्यावर ती रोज फोन करायची, आई पाय सुजलेत, आई आंबट चालेल का. आणि मग सहाव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. एवढीशी. मी आयुष्यभर बाळं पाहिली होती, मला बघताक्षणी कळलं. डॉक्टरांनाही कळलं होतं. ते म्हणाले, आता आईजवळ असू द्या, आणि तिला स्नेहलच्या छातीवर ठेवून, वर पांघरूण घालून सगळे बाहेर गेले. मी राहिले.

आम्हा कॅथलिक नर्सांना शिकवलेलंच असतं, अगदी पहिल्या वर्षी. मरणाच्या दारात असलेल्या बाळाला कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, फादर लागत नाहीत, तेल लागत नाही, साधं पाणी पुरतं. सिस्टरांनी हे आमच्याकडून इंजेक्शनसारखं घोकून घेतलं होतं. नोकरीत मी कितीतरी बाळांना असं पाणी दिलं, कोणाला न सांगता, आणि रात्री शांत झोपले. मग माझ्या रक्ताच्या नातीला तसंच जाऊ देऊ? मी स्नेहलला म्हणाले, दे जरा इकडे. तिने दिली. मी बेसिनपाशी गेले, नळ बारीक सोडला आणि ओंजळीने तिच्या कपाळावर पाणी घातलं. मारिया, मी तुला पित्याच्या, आणि पुत्राच्या, आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते. तीन नावं, तीन वेळा पाणी. पित्याच्या म्हटलं तेव्हा तिची छाती हलत होती, मी पाहिलं. पुत्राच्या म्हणताना हलली. तिसऱ्यांदा पाणी घातलं तेव्हा हलत नव्हती. मी तरी शब्द पुरे केले, तिला पुसली, नीट गुंडाळली आणि परत स्नेहलजवळ दिली. म्हणाले, रडू नकोस बाळा, मी तिला पाणी दिलंय, आता ती थेट देवाजवळ. स्नेहलने माझ्याकडे पाहिलं, आणि मग जी भिंतीकडे तोंड फिरवलं ते आजतागायत.

तीन वर्षं मला त्या तिसऱ्या पाण्याने छळलं. लागला की नाही लागला तो बाप्तिस्मा? शब्द पूर्ण व्हायच्या आत जीव गेला असेल तर? पुण्याला जाऊन एका अनोळखी फादरांना विचारलं, तर ते म्हणाले, बाई, देव तांबे मोजत बसत नाही. तुमचं ठीक आहे हो, मी मनात म्हटलं. ज्याचं जळतं त्याला कळतं. आणि ही गोष्ट मी स्नेहलला सांगणार कशी? तिचा राग मला स्पष्ट होता. तिला न विचारता, तिच्या नवऱ्याला, सासरच्यांना न विचारता मी त्यांच्या मुलीला ख्रिस्ती केलं, म्हणून ती संतापली, असं मी धरून चालले होते. महिन्याभराने टाकव्याला गेले ती याच तयारीने, की सासू अंगावर येईल. तर रतनबाई, संदेशची आई, ओसरीवर तांदूळ पाखडत बसलेली. ‘या, बसा,’ म्हणाली. ‘ती झोपलीया. उठवू नगा. च्या घ्या.’ मी म्हणाले, मी जे केलं ते तुम्हाला आवडलं नसेल. तिने सूप खाली ठेवलं. ‘पान्याचं म्हन्ता? त्यात काय बिगाडलं? देवाचंच नाव घेतलं न्हवं. हितं बांधाला पुरली तवा आमी बी हळद वाह्यली. तुमचा देव, आमचा देव, लेकराला दोनी बरं.’ मग आत बघून हळू म्हणाली, ‘तिचं दुखनं दुसरंच हाय. मला बी सांगत न्हाई. तुमी आई, तुमाला म्हाईत.’ मला माहीत आहे असं समजून मी मान डोलावली, चहा प्यायले आणि कामशेतला येऊन गाडी पकडली.

मंडळ मात्र रुळलं. पोरं येत राहिली, नवीन पोरं घेऊन आली, हॉलमध्ये स्टोव्ह आला, सार्थक चहा करायला लागला. मला हळूहळू ऐकू यायला लागलं. चैतालीने एकदा सांगितलं की साहेब लोक उतरून गेल्यावर ती चादरी काढते तेव्हा तिला आपण अख्खं जग आवरतोय आणि आपलं काहीच कोणी आवरत नाही असं वाटतं, आणि सगळे गप्प बसले, आणि मी पण बसले, आणि ती बाहेर जाताना रोजच्यापेक्षा ताठ चालत होती. काहीच केलं नव्हतं आम्ही. फादर माझ्याकडे बघून हसले. मला बरं वाटायला हवं होतं, पण माझं सगळं लक्ष दाराकडे. मी सार्थकला आडून आडून विचारायची, संदेश बरा आहे ना, घरी सगळं ठीक ना. मूर्ख नव्हता तो. एका मंगळवारी चहा गाळता गाळता म्हणाला, ‘मावशी, स्नेहलताईला मी सांगितलंय इथलं. नियम पण सांगितला. नियम ऐकून म्हणाली, बघते.’ तो आख्खा आठवडा माझी तयारी चालली. कोणती साडी नेसू इथपासून पहिला शब्द काय बोलू इथपर्यंत सगळं ठरवलं. बोलायचं नाहीये हे आठवलं की पुन्हा पहिल्यापासून ठरवायची.

ती आली. संदेश बाहेर मोटरसायकलपाशीच थांबला. ती वाळली होती, केस कापलेले, मागच्या बाकावर दाराजवळ बसली आणि माझ्याकडे पाहून तिने मान हलवली, जशी आपण ओळखीच्या दुकानदाराला हलवतो. तेवढ्यावरच मी हुरळले. आली ना, चर्चच्या आवारात आली ना, म्हटलं, देवा, तू मोठा आहेस. एकदोघं बोलली, काय बोलली ते मला सांगता येणार नाही. मग स्नेहल बसल्या जागेवरून बोलायला लागली. आवाज अगदी साधा होता, बाजारहाटाचं सांगावं तसा.

‘मला मुलगी झाली होती,’ ती म्हणाली. ‘जगणार नव्हती. ते मला कोणी सांगितलं नाही, पण सगळे बाहेर गेले तेव्हा मला कळलं. ती माझ्या अंगावर होती. गरम होती. तिचं एक बोट माझ्या गळ्याला लागत होतं. मला वाटलं, ठीक आहे, एवढं तर एवढं. मग माझी आई म्हणाली, दे जरा इकडे. माझी आई नर्स आहे. मला वाटलं, डॉक्टरांना जमलं नाही ते तिला जमत असेल, ती काहीतरी करेल, म्हणून मी दिली. स्वतःच्या हाताने उचलून दिली. ती कोपऱ्यात नळापाशी घेऊन गेली. मला फक्त आईची पाठ दिसत होती. पाण्याचा आवाज येत होता. माझ्या अंगावर तिची जागा गार पडत गेली.’ ती थांबली. ‘लोकांना वाटतं मला बाप्तिस्म्याचा राग आहे. पाण्याचं मला काही नाही. माझ्याच छातीवर असताना घातलं असतं तर मी पण हात जोडले असते. तिला जेवढं होतं तेवढं माझ्याजवळ राहायचं होतं. तेवढंच होतं माझं. ते मी दिलं, आणि मला परत काय मिळालं तेच अजून माहीत नाही.’

नियमाप्रमाणे सगळे गप्प बसले. फादरांनी डोळे मिटले होते. मी बोलले नाही, पण त्यात नियमाचं कौतुक नको. माझ्याजवळ तीन वर्षांची उत्तरं होती, सिस्टरांनी शिकवलेली, धर्मशास्त्रातली, आईच्या पोटातली, आणि एकाचाही याच्याशी संबंध नव्हता. पलंगापासून बेसिनपर्यंत चार पावलं असतील नसतील, पण तिला तिकडे नेण्याची मला काहीही गरज नव्हती. उशाशी पाण्याचा पेला भरून ठेवलेला होता. मला आत्ता दिसला. इतक्या वर्षांच्या सवयीने मी सरळ नळाकडे गेले होते, बाळ उचलायचं, पालकांकडे पाठ करायची, आटपायचं, कारण परक्यांच्या पोरांना आम्ही हे लपूनच करायचो. तीही माझ्या हातात तशीच परकी होऊन गेली. मी बाकाची कड धरली. मग चैताली घसा खाकरून बोलायला लागली, नव्या मॅनेजरबद्दल काहीतरी.

सभा संपल्यावर पोरं चहाकडे वळली. स्नेहल बाहेर पायरीवर उभी होती, मी गेले. जवळून तिच्या कपाळावर बारीक आठी दिसत होती, तिच्या बापाला पडायची तशी. ‘आत विचारता आलं नसतं म्हणून इथे विचारते,’ ती म्हणाली. ‘तू परत माझ्याजवळ दिलीस तेव्हा ती होती?’ आता, नोकरीभर मी नातेवाइकांना खोटं सांगत आले. शांत गेले हो, काही त्रास नाही झाला, तुमचंच नाव घेत होते. जीभ वळवायची की झालं. होती, म्हटलं असतं की तिला तेवढं मिळालं असतं, आणि मला ती मिळाली असती कदाचित. तोंडावर आलं होतं. पण ती माझ्याकडे बघत होती, सासरच्या अंगणात नाही, फोनवर नाही, समोर उभी राहून, तीन वर्षांत पहिल्यांदा.

‘नव्हती,’ मी म्हणाले. ‘नळापाशीच गेली.’

तिने मान हलवली. रडली नाही. ओढणी नीट केली, परत सरकली, परत केली. मी हात पुढे केला तो तिने धरला नाही आणि झिडकारलाही नाही, तो तसाच मध्ये राहिला. ‘मला वाटतच होतं,’ ती म्हणाली. मग धुक्यात संदेश उभा होता तिकडे तिने पाहिलं. ‘मी येत जाईन मंगळवारी. इथे बोलता येतं मला. घरी नाही येत.’ ‘पण तू असलीस तर नाही जमणार, आई. तू येऊ नकोस.’

‘बरं,’ मी म्हणाले.

ती पायऱ्या उतरून गेली. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. मी आत आले तेव्हा पोरं खुर्च्या रचत होती, फादर कोणाशी तरी बोलत खिडकीपाशी उभे होते, आणि सार्थक स्टोव्ह पुसून कोपऱ्यात ठेवत होता. कप पाटीत पालथे घातल्यावर त्याने हॉलची किल्ली माझ्यापुढे धरली. ‘तुझ्याजवळच राहू दे,’ मी म्हणाले. ‘आणि पुढच्या वेळेपासून चहा थोडा वाढव. स्नेहलला दोन कप लागतात.’